घरच्या लाकडाचा साकव: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

कोकणात नवी जमीन घेतली, किंवा आजोबांची पडीक जमीन पुन्हा कसायला काढली, की पहिल्याच पावसात एक शोध लागतो: अर्धी बाग व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे आहे. मे महिन्यात दगडांवर पाय ठेवत ओलांडलेला पऱ्या जुलैत कमरेला लागतो, आणि पलीकडच्या कलमांना खत घालायला गावाला वळसा मारून जावं लागतं. सिमेंटचे पाईप टाकून मोरी करता येते, लोखंडी चॅनलही टाकता येतात. पण स्वतःच्या जमिनीत उभा वाळलेला ऐन किंवा किंजळ असेल, तर लाकडी साकव, म्हणजे छोटा पूल, बराच स्वस्त पडतो. शिवाय एखादी फळी गेली तर ती घरच्या माणसाला बदलता येते.

पुढची मापं बारा फुटी, फक्त पायी जाण्याच्या साकवाची आहेत. मोटरसायकल किंवा पॉवर टिलर न्यायचा असेल, किंवा दोन काठांतलं अंतर वीस फुटांच्या वर असेल, तर इंजिनिअरला पैसे द्या. तिथे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही.

सगळ्या कामात शत्रू एकच, पाणी, पण ते दोन बाजूंनी येतं. खालून येणारा पूर साकव एका रात्रीत नेतो. वरून पडून सांध्यात बसून राहिलेलं पाणी तेच काम सावकाश करतं. खालच्या बहुतेक सूचना या दोघांपैकी एकासाठी आहेत.

आधी कागद

झाड तुमच्या जमिनीत असलं तरी ते हवं तेव्हा पाडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 मध्ये अनुसूचित झाडांची यादी आहे. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, खैर, म्हणजे साकवाच्या कामाची जवळजवळ सगळी झाडं तिच्यात येतात. सातबारा घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जा आणि अर्ज करा. झाड वाळलेलं आहे किंवा वादळात पडलेलं आहे, म्हणून विचारायची गरज नाही असं समजू नका. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाचे वेगळे निर्बंध आहेत.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. लाकूड दुसऱ्या जागेवरून आणायचं असेल तर वाहतुकीचा परवाना लागेल का, आणि चेनसॉवर घरीच फळ्या पाडायला हरकत आहे का. आरागिरणीला परवाना लागतो. त्यामुळे बँड-सॉ आणून परसात बसवायचा विचार असेल तर तो परवाना पाहूनच करा. व्हाळाचंही असंच. नैसर्गिक ओढे-नाले जमीन महसूल संहितेनुसार सरकारी मालकीचे असतात. ग्रामपंचायतीत एक अर्ज द्या आणि खालच्या अंगाच्या शेजाऱ्याला तोंडी सांगा. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

जागा ठरवताना

सगळ्यात अरुंद जागा सगळ्यात चांगली दिसते, पण तिथे पाणीही सगळ्यात जोरात आणि उंच येतं. व्हाळ सरळ वाहतो असा दहा-पंधरा पावलांचा टप्पा शोधा. वळणाच्या बाहेरच्या अंगाचा काठ दरवर्षी खचत असतो. झाडांची मुळं उघडी पडलेली दिसली तर ती जागा सोडाच. वाडीतल्या एखाद्या आजोबांना विचारलंत तर ते जागा बघायच्या आधीच ऐकवतील, "खुळो की काय तू? वळणार कोण साकव घालता?"

पुराची उंची झाडांवर वाचता येते. काठावरच्या फांद्यांत अडकलेलं गवत, प्लॅस्टिक, वाळका पाचोळा किती उंचीवर आहे ते पाहा. त्यातली सर्वात वरची खूण धरा आणि मग जुन्या माणसांना मोठ्या पुराची खूण विचारा. चिपळूणकडच्या लोकांना 22 जुलै 2021 चा दिवस सांगावा लागत नाही. तुमच्या गावालाही असं एखादं साल असतंच. तुळयांची, म्हणजे काठापासून काठापर्यंत टाकलेल्या जाड लाकडांची, खालची बाजू त्या खुणेच्या दोन फूट वर यायला हवी, कारण पूर नुसतं पाणी आणत नाही, आख्खी झाडं आणतो. काठ इतके उंच नसतील तर साकव कधीतरी पाण्याखाली जाणार हे मान्य करूनच तो बांधायचा. त्याची युक्ती पुढे आहे.

लाकूड

पोफळीची खोडं दोरखंडाने बांधून घातलेला साकव अजूनही पाहायला मिळतो. तो दोन-तीन पावसाळ्यांचा सोबती. पोफळ फुकट असते आणि श्रमदानाला माणसं असतात, तेव्हा दरवर्षी नवा साकव घालणं मुळीच वेडेपणाचं नाही. पण ज्याला एकदाच घाम गाळायचा आहे त्याने हे पाहावं:

ऐन: तुळयांसाठी पहिली पसंती. जड, ताकदवान, पाण्यात टिकणारा. करवतीची धार मात्र खातो.
किंजळ: ऐनाचाच भाऊबंद, त्याच कामाला.
जांभूळ: ओलीत टिकण्यासाठी जुनी ख्याती. पीळ असला तर फळी वाकते.
फणस: वाळवी लवकर लागत नाही, कापायला सोपा. फळ्यांना उत्तम, तुळईला जरा हलका.
साग: चांगलाच, पण घरात वापरा. साकवावर सागाच्या फळ्या म्हणजे पैशाचा माज.
आंबा: नको. भुंगेरे आणि बुरशी, दोन्हींचं आवडतं खाद्य.

झाड कुठलंही असो, टिकतो तो फक्त गाभा. सालीलगतचं पांढरं लाकूड ऐनाचं असलं तरी कुजतं. त्यामुळे ओंडक्याचा घेर मोजताना पांढरं वजा करायची सवय लावा.

एका तुळईचं माप चार इंच बाय आठ इंच, लांबी सोळा फूट. बारा फूट अंतर आणि दोन्हीकडे दोन-दोन फूट टेकायला. अशा तीन लागतील. फळ्या सहा इंच रुंद, दोन इंच जाड, साडेतीन फूट लांब, साधारण तीस. कठड्याचं वेगळं. चार फूट घेराचे, सोळा फूट लांब, सरळ असे तीन ओंडके यात पुरतात. व्यापारी घनफूट काढताना घेराचा चौथा हिस्सा घेतात, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात. चार फूट घेराला एक गुणिले एक गुणिले सोळा, म्हणजे सोळा घनफूट. गिरणीवाल्याशी बोलताना हा हिशोब डोक्यात असू द्या.

अंतर वेगळं असेल तर तुळईची उंची अंतराच्या अठराव्या हिश्श्याइतकी धरा. बारा फुटांना आठ इंच, पंधरा फुटांना दहा. आणि तुळई नेहमी उभी ठेवायची. तेच लाकूड आडवं टाकलं तर ताकद निम्मी होते आणि लवचिकता चौपट. आडव्या तुळयांचा साकव पाय ठेवताच झोपाळ्यासारखा हलतो, आणि मग लोक म्हणतात की लाकूडच वाईट होतं.

तोड आणि चिराई

परवानगीचा अर्ज दसऱ्याच्या आसपास करा. तोड मार्गशीर्ष-पौषात. जुनी माणसं अमावस्येकडच्या पंधरवड्यात तोडायला सांगतात. चंद्राचं मला पटलेलं नाही, पण थंडीचं पटलं आहे. त्या दिवसांत भुंगेरे कमी असतात आणि लाकूड सावकाश वाळतं, म्हणून कमी तडकतं. झाड पाडायला मात्र रोजचा तोड्या बोलवा. पाडणं आणि चिरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्या कामात शिकाऊपणाला जागा नाही.

ओंडका पडल्याबरोबर दोन्ही टोकांना शेण-मातीचा जाड लेप द्या किंवा उरलेला ऑइल पेंट फासा. टोकांतून पाणी भरभर उडतं आणि तिथूनच चिरा आत सरकतात. हे काम त्याच दिवशी करायचं, उद्यावर टाकायचं नाही.

पूर्वी ओंडका घोडीवर चढवून दोन माणसं मोठा आरा ओढायची. आता चेनसॉला बसणारी लोखंडी चौकट मिळते, तिला अलास्का मिल म्हणतात. ओंडका जमिनीपासून गुडघाभर उंच, दोन लाकडांवर ठेवा आणि दोन्ही बाजूंनी पाचरा मारून पक्का करा. पहिल्या कापासाठी ओंडक्यावर एक सरळ फळी किंवा ॲल्युमिनियमची शिडी स्क्रूने बसवायची आणि चौकट तिच्यावरून सरकवायची. हा पहिला काप वाकडा गेला तर पुढचे सगळे तितकेच वाकडे जातात, म्हणून शिडीच्या दोन्ही टोकांना लेव्हल लावून पाहा. त्यानंतर शिडी काढून चौकट कापलेल्या सपाट अंगावरूनच चालते. ओंडका पाव वळण फिरवून गुण्याने काटकोन तपासा आणि दुसरी बाजू काढा.

मशीन 70 सीसीच्या आसपासचं हवं. फांद्या तोडायचं छोटं मशीन उभ्या रेषेत कापताना तापून बसतं. साखळीही वेगळी लागते. आडव्या कापाच्या साखळीच्या दातांना साधारण 30 अंशांची धार असते, उभ्या चिराईला ती 10 अंशांच्या आसपास लागते. दुकानदाराला "रिप चेन" म्हटलं की कळतं. साखळी दर कापाला तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लाकडाचा भुसा करते. तीन कापांत इंचापेक्षा जास्त गेलं, हे आखणी करतानाच मोजा.

चार फूट घेराचा ओंडका म्हणजे सुमारे पंधरा इंच व्यास. त्याच्या बरोबर मध्यातून पहिली चिराई करा आणि दोन्हीकडे एकेक तुळई काढा. ओंडक्याचा अगदी मधला भेंडासारखा भाग तुळईच्या पोटात राहिला तर ती चारी बाजूंनी तडकते. मधोमध चिरलं की तो पृष्ठभागावर येतो आणि तडा वरवरचा राहतो. चिरताना काप मागून मिटायला लागला तर लगेच लाकडी पाचर ठोका. मिटणाऱ्या कापात साखळी अडकली की मशीन झटका देतं.

लुंगी आणि चपला घालून चेनसॉ चालवणारे गावोगाव दिसतात. तुम्ही तसं करू नका. बूट, जाड पँट, कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा हवाच, आणि हाकेच्या अंतरावर दुसरं माणूसही हवं.

फळ्या सावलीत, जमिनीपासून फूटभर वर रचा. प्रत्येक थरात दोन-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या, आणि वरच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या बरोबर वर. वर पत्रा, पत्र्यावर दगड. चैत्रापर्यंत फळ्या बऱ्यापैकी वाळतात. चार इंची तुळई तेवढ्यात आतपर्यंत वाळत नाही, आणि या कामाला तिने वाळायलाच हवं असंही नाही.

पाया

नवखे लोक लाकडावर महिनाभर विचार करतात आणि पाया दोन दिवसांत उरकतात. साकव पडतात ते मात्र बहुतेक पायाजवळ.

पाया काठाच्या टोकावर घालू नका, दोन-तीन फूट मागे घ्या. आठ फुटी व्हाळाला बारा फुटांचा साकव लागतो तो म्हणूनच. कातळ किंवा कडक मुरूम लागेपर्यंत खणा. मऊ मातीत थांबलात तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी पायाखालची माती कोरून नेईल. पाण्याचा मारा लागेल तिथे काळा दगड घ्या. त्याच्या वर जांभ्या चिऱ्याचं बांधकाम चालतं. दोन्ही काठांचे पाये एका पातळीत आणायला महागडं यंत्र नको, पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी लेव्हल घेतो तशी घ्या. पायाच्या वरच्या अंगाला, पाणी ज्या बाजूने येतं तिथे, मोठे दगड तिरपे रचून ठेवा. ओंडके वाहत आले तर आधी त्यांवर आपटतील.

आता तुळईचं बूड. तुळई मातीला टेकता कामा नये, आणि सिमेंटच्या खाचेत गाडूही नये. चिऱ्यावर काळ्या दगडाची सपाट लादी बसवा आणि तुळई तिच्यावर नुसती टेकू द्या. तुळईच्या टोकामागे दोन बोटं जागा मोकळी ठेवून चिऱ्याची एक ओळ उभी करा, म्हणजे वाटेची माती त्या ओळीला अडेल आणि लाकडापर्यंत येणार नाही. त्या दोन बोटांत वारा खेळला पाहिजे. त्यात पानं साचतात, ती काढत राहावी लागतात. या फटीला कंटाळून कुणी तिच्यात सिमेंट भरलं, तर तुळईची टोकं तिथूनच कुजायला सुरुवात होते.

साकव पुराच्या वर असेल तर दोन्ही टोकांना लोखंडी अँगल बांधकामात बसवून तुळया बोल्टने आवळा. पुरात बुडणार असेल तर मात्र एकच टोक धरायचं. त्या टोकाच्या तुळयांना जाड साखळी लावून ती वरच्या अंगाच्या एखाद्या दणकट झाडाला किंवा कातळात बसवलेल्या कडीला अडकवा. दुसरं टोक अँगलच्या खोबणीत सुटं बसू द्या. पाणी चढलं की साकव उचलला जाऊन दारासारखा काठाला लागतो आणि ओसरल्यावर चार माणसांनी परत जागेवर ठेवता येतो. दोन्ही टोकं घट्ट धरलीत तर तो मोडतो, किंवा पायासकट जातो.

तुळया चढवणं

ओल्या ऐनाची अशी एक तुळई शंभर किलोच्या वर भरते. चैत्र-वैशाखात व्हाळ आटलेला असतो, तेव्हा पात्रात बांबूची एक घोडी उभी करा. तुळई गोल दांड्यांवरून लोटत घोडीवर आणा आणि पलीकडून दोर ओढा. आठ माणसं, एक जण हाका देणारा, आणि तुळईच्या खाली कुणीही नाही.

ठेवण्याआधी प्रत्येक तुळई जमिनीवर उभी करून एका टोकाकडून डोळा लावून पाहा. किंचित कमान असतेच. कमानीची पाठ वर यायला हवी. मोठ्या गाठी वरच्या अंगाला घ्या. खालच्या कडेला, मधल्या तिसऱ्या हिश्श्यात गाठ असलेली तुळई नाकारा, कारण सगळा ताण तिथेच येतो. त्याच कारणाने खालच्या कडेला खाच पाडू नका, खिळा मारू नका, टांगायचा हूक लावू नका. दोन बाहेरच्या तुळयांत बाहेरून बाहेर तीन फूट अंतर आणि तिसरी मधोमध. दोन्ही टोकांजवळ आणि मध्यावर तुळयांच्या मधे आडवे ठोकळे घट्ट बसवा, म्हणजे तुळया कलंडणार नाहीत.

फळ्या आणि कठडा

पाऊस फळी आणि तुळई यांच्या सांध्यात सर्वात जास्त वेळ थांबतो. म्हणून फळ्या बसवण्याआधी तुळईच्या माथ्यावर डांबरी फेल्टची पट्टी टाका, तुळईपेक्षा दोन्हीकडे बोटभर बाहेर येणारी. खर्च किरकोळ आहे आणि तुळईचं आयुष्य त्यावर आहे. फळ्यांमध्ये चार सूत फट ठेवा. लाकूड ओलसर असेल तर दोन सूत पुरे, सहा इंची फळी पुढे पाव इंच तरी आकसतेच. प्रत्येक तुळईवर दोन, असे फळीला सहा स्क्रू. चार इंची, स्टेनलेस किंवा निदान जस्ताचा थर दिलेले जी.आय. साधा खिळा खाऱ्या हवेत आणि ऐनाच्या तुरट रसात काळा पडून झिजतो. भोक आधी ड्रिलने पाडा, नाहीतर ऐन फाटतो किंवा स्क्रू मोडतो. फळीला रंधा मारू नका. करवतीचा खरखरीतपणाच पावसाळ्यात पाय धरून ठेवतो.

कठडा साडेतीन फूट उंच. खांब बाहेरच्या तुळईच्या कुशीला 12 मिलिमीटरच्या दोन बोल्टांनी जोडा, एक वर, एक खाली, मोठ्या वॉशरसह. एकाच बोल्टचा खांब वर्षभरात लुळा होतो. पुरात बुडणाऱ्या साकवाचा कठडा सुटा होईल असा करा आणि मृगाआधी काढून ठेवा, कारण कठड्यात पाचोळा अडकला की त्याची भिंत होते. अशा साकवाला पावसाळ्यापुरता हाताच्या उंचीवर नायलॉनचा दोर ताणून ठेवतात. म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं रोज जाणार असतील तर हा तोडगा पुरेसा नाही. साकवच उंच करा.

तेल, शेवाळ आणि वार्षिक तपासणी

जळकं इंजिन ऑइल बहुतेक जण सुचवतील. व्हाळाच्या डोक्यावर ते लावू नका. पहिल्या सरीबरोबर ते पाण्यात उतरतं, आणि खाली कुणाची तरी विहीर असते. आपल्याकडे काजूच्या टरफलाचं तेल मिळतं, होड्यांना पूर्वापार लावत आले आहेत. लाकूड कोरडं असताना, कडक उन्हात, दोन हात द्या आणि टोकांना तीन. रबरी हातमोजे घालूनच, कारण ते कातडीवर भाजल्यासारखे फोड आणतं. पाऊस सुरू व्हायच्या आधी ते पूर्ण सुकलं पाहिजे, म्हणून हे काम वैशाखात संपवा. मृगाच्या तोंडावर काढू नका. जवसाचं तेल आपल्या दमट हवेत बुरशीने काळं पडतं.

शेवाळावर औषध नाही. आषाढात दर आठवड्याला खराट्याने घासायचं. फारच निसरडं होत असेल तर फळ्यांवर कोंबडीजाळी ताणून स्टेपल मारा. दिसायला वाईट, पण पाय सरकत नाही.

पाऊस संपला की पायाजवळची माती किती गेली ते पाहा, बोल्ट आवळा, फटींतला पाचोळा काढा. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन तुळयांच्या टोकांना आणि प्रत्येक सांध्याजवळ खालून टोचून पाहा. निरोगी ऐनात टोक जेमतेम घुसतं. अर्धा इंच सहज आत गेलं तर तेवढाच भाग कोरून भरत बसू नका. त्या जागेखाली पात्रात टेकू उभा करा, साकवावरून एका वेळी एकच माणूस जाऊ द्या, आणि त्याच हंगामात नव्या तुळईसाठी परवानगीचा अर्ज टाका.